कौसल्येची नळी

"चाल वं लवकर. मांगून लाईन लागते."

"तुमी व्हा समोर. मी येतो."

नवरा भराभर चढून वर आला आणि बाई जिन्यात दुसऱ्यांदा थांबल्या. रुपराव ढोबळे दारातल्या टेबलाशी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. तिथून जिना सरळ दिसायचा. बाईंनी डाव्या हातानं कठडा धरला होता आणि उजवा हात कानाखाली, जबड्यावर दाबून धरला होता. जरा वेळानं त्यांनी तो हात काढला, पदर सारखा केला आणि उरलेल्या पायऱ्या चढून त्या वर आल्या.

धंतोलीतल्या डॉक्टर हरकऱ्यांच्या पॅथॉलॉजीत रुपरावांची चोवीस वर्षं झाली होती. रक्त काढायचं, तपासायचं आणि आकडा लिहायचा. आकड्याचा अर्थ सांगायचा नाही, तो पेशंटचा डॉक्टर सांगेल, असं हरकऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. चोवीस वर्षांत रुपरावांनी हा नियम मोडला नव्हता. कोणी विचारलं, "काय निघालं जी?" तर ते म्हणत, "लिहिलं आहे त्यात."

नवऱ्यानं कागद पुढे केला. महादेवराव, वय चोपन्न, सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत पंपावर फिटर. सहा महिन्यांपासून कोलेस्टेरॉलच्या कॅप्सूल चालू. माणूस बोलका होता. दंडाला रबरी पट्टी बांधली तरी त्याचं तोंड चालूच होतं.

"मागच्या बारीले तीनशे बारा निघालं होतं. आमच्या खाणीत एवढं कोणाचंच नाई."

"बक्षीस भेटलं असन मंग," बाई म्हणाल्या.

"पाहा, हे अशी बोलते. अन घरी अंडं हातातून हिसकून घेते."

"भाऊ, मी सारं बंद केलं जी. तेल करडईचं. यायची भाजी अलग शिजवतो, बिना फोडणीची. एक दिवस चुकवलं नाई."

"तिले चव नाई, काही नाई," महादेवराव म्हणाले. "पंपाचं ग्रीस त्याच्याहून बरं लागन."

रुपरावांनी त्यांच्या कोपरावर कापूस दाबला आणि बाईंना बसायला सांगितलं. बाईंचं नाव पंचफुला. त्यांच्या कागदावर फक्त हिमोग्लोबिन आणि ईएसआर एवढंच लिहिलं होतं. महादेवरावांना नागपूरला पाठवायचंच होतं, तेव्हा सोबत बायकोचंही रक्त पाहून या, एवढ्यासाठी सावनेरच्या डॉक्टरांनी ते लिहून दिलं होतं.

बाईंनी हात पुढे केला तेव्हा रुपराव जरा थांबले. बोटांची मधली पेरं फुगलेली होती. दोन्ही हातांत पितळी बांगड्या होत्या आणि त्या मनगटात रुतल्या होत्या.

"सकाळी मुठी वळत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"तुमाले कसं समजलं जी?"

"कणीक मळताना त्रास होत असेल."

"दिवस वर चढला की सुटतात बोटं. सकाळीच जड जाते. पाण्याचा गुंड तर उचलतच नाई."

शीर सापडत नव्हती. रुपरावांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून थोडा चोळला, ऊब आल्यावर एकाच वेळेत सुई घातली. रक्त येत असताना खाली बघूनच त्यांनी विचारलं, "अन दाढ?"

"कोणती दाढ?"

"जिन्यात धरली होती."

"ते होय. चढलं की दुखते. बसलं की राहते. दाताच्या डाक्टरले दाखवलं, तो म्हणते दाढ चांगली हाये."

"किती दिवसांपासून?"

"दिवाळीपासून असन. जाऊ द्या, मरो ते दाढ. यायचा आकडा सांगा कवा भेटते."

रुपरावांनी त्यांना तीन वाजता यायला सांगितलं. त्यांची सावनेरची बस पाचची होती. तेवढ्या वेळात इतवारीच्या बाजारातून एक लहान पातेलं घेऊन येतो, असं बाई म्हणाल्या. नवऱ्याच्या भाजीला घरातलं पातेलं मोठं पडत होतं.

ते गेल्यावर रुपरावांनी बाईंचं रक्त, गोठू नये म्हणून काढतानाच सायट्रेट मिसळलेलं, काचेच्या उंच नळीत वर ओढून नळी स्टँडला उभी केली आणि वेळ लिहिली. ईएसआरमध्ये एवढंच असतं. नळी उभी ठेवायची आणि एका तासात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजायचं. अंगात कुठे सूज, जळजळ असेल तर त्या भराभर बसतात. कुठे आहे ते नळी सांगत नाही. एक तास म्हणजे एकच तास. त्याच्या पुढे गेलेला आकडा कामाचा नसतो. रक्त पुन्हा काढावं लागतं.

हे रुपरावांनी नव्या येणाऱ्या प्रत्येक पोराला शिकवलं होतं.

त्यांची बायको कौसल्या जाऊन अकरा महिने झाले होते. त्याच्या दोन वर्षं आधी रुपरावांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल तीनशेच्या वर निघालं आणि त्या दिवसापासून ते घरातले पेशंट झाले. कौसल्येनं घरात करडईचं तेल आणलं. त्यांच्या ताटातलं तूप गेलं, शेंगदाण्याची चटणी गेली. दुपारची कॅप्सूल ती कागदाच्या पुडीत बांधून डब्यात ठेवायची आणि संध्याकाळी डबा घासताना पुडी उघडून पाहायची. लग्न होऊन भंडाऱ्याला गेलेली मुलगी प्रेमिला पत्रात आईला एकच विचारायची, बाबा खाण्याचं ऐकतात का.

कौसल्येची बोटं सकाळी वळत नसत. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधे, कपडे वाळत घालताना कळ यायची. वात आहे, ती म्हणायची, माझ्या आईलाही होता. शेवटी एका शनिवारी रुपरावांनी तिला पॅथॉलॉजीत आणलं. स्वतःच रक्त काढलं. नवरा असूनही, की नवरा म्हणूनच, त्यांचा हात बसेना. तिसऱ्या टोचण्याला रक्त आलं. तिनं हूं की चूं केलं नाही. फक्त म्हणाली, "लोकायले तर एका बारीत टोचता म्हणे."

कोलेस्टेरॉल एकशे शहात्तर आलं. दोघांनाही बरं वाटलं. तेवढ्यात एका बाळंतिणीसाठी रक्त जुळवायचं काम तातडीनं आलं आणि रुपराव त्यात अडकले. कौसल्येच्या नळीकडे परत आले तेव्हा पावणेदोन तास झाले होते. नळीत सत्तर होतं.

पुन्हा काढायला हवं होतं. ते बाहेर आले. कौसल्या बाकावर कोपर दुमडून बसली होती. तीन जागी कापूस होता.

"पुन्हा टोचता काय?" तिनं विचारलं.

"नाही. झालं," रुपराव म्हणाले.

जुने टेक्निशियन उशिरा वाचलेल्या नळीचा आकडा कधीमधी अंदाजानं कमी करून लिहीत. रुपरावांनी परक्याच्या रक्ताला असं कधी केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सत्तरचे पस्तीस केले. हरकऱ्यांनी पस्तीस पाहिलं, वातावर ॲस्पिरिन लिहून दिली आणि विषय संपला. पाच महिन्यांनी अंगणात कपडे वाळत घालताना कौसल्या पाठीला हात लावून खाली बसली, ती उठलीच नाही. हार्ट, असं डॉक्टरांनी लिहिलं. सेहेचाळीस वर्षांची होती.

सत्तरचे पस्तीस केल्याचं रुपरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

पंचफुलाबाईंची नळी त्यांनी बरोबर तासाला वाचली. शेवटची पाच मिनिटं ते तिच्यासमोर स्टूल घेऊन बसले होते. अठ्ठ्याहत्तर. महादेवरावांचं कोलेस्टेरॉल दोनशे चौऱ्याहत्तर आलं. मग कोणी न सांगता त्यांनी बाईंच्या उरलेल्या रक्ताचंही कोलेस्टेरॉल केलं. ॲसिडची धार सोडली, हिरवा रंग चढू दिला, यंत्रात आकडा पाहिला. एकशे ब्याऐंशी.

हरकरे आतल्या खोलीत मायक्रोस्कोपवर वाकलेले होते.

"सर, एक सीआरपी लावू का?"

"कुणाचं?"

"सावनेरच्या बाईंचं."

"लिहिलंय त्यांच्या डॉक्टरांनी?"

"नाही."

हरकऱ्यांनी डोळा वर केला. सीआरपी म्हणजे अंगातली सूज दाखवणारी दुसरी तपासणी; तिचा संच बाहेरून यायचा आणि जपून वापरायचा असे. सांधेतापाच्या मुलांसाठी तो मुख्यतः लागायचा. रुपरावांनी चोवीस वर्षांत मागून काही घेतलं नव्हतं. "लावा," हरकरे म्हणाले.

काळ्या काचेवर रुपरावांनी रक्ताच्या पाण्याचा थेंब ठेवला, त्यात संचातला दुधी थेंब मिसळला आणि काच हातात हळूहळू डोलवली. दोन मिनिटांच्या आत दूध फुटल्यासारख्या गुठळ्या पडल्या. काच घेऊन ते आत गेले.

"पॉझिटिव्ह," हरकरे म्हणाले. "सांधे सुजलेत तर असणारच. यात नवीन काय?"

"जिना चढताना त्या जबडा धरून थांबतात. बसलं की राहतं."

"मग ते त्यांनी सावनेरला सांगावं."

"त्या सांगणार नाहीत, सर. त्या दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या."

"कोलेस्टेरॉल?"

"एकशे ब्याऐंशी."

"चांगलं आहे की."

"कौसल्येचं एकशे शहात्तर होतं."

हरकऱ्यांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. रुपराव उभेच होते. काच त्यांच्या हातात तशीच होती.

"सर, तिचा ईएसआर मी पस्तीस लिहिला होता. नळीत सत्तर होतं. पावणेदोन तासांनी वाचली मी. पुन्हा टोचायचं जिवावर आलं, म्हणून अर्धा करून लिहिला."

बाहेर कोणीतरी घंटी वाजवली. दोघांनीही तिकडे लक्ष दिलं नाही.

"बसा," हरकरे म्हणाले.

रुपराव बसले नाहीत.

"रुपराव, मी सत्तर पाहिलं असतं तरी वाताचीच गोळी दिली असती. दोनाच्या चार केल्या असत्या. हृदयाचा विचार माझ्या डोक्यात आला नसता. बाहेरच्या मासिकांत हल्ली कुणी कुणी लिहितं की हृदयाची नळी नुसती चरबीनं भरत नाही, तिला आतून सूजही येत असावी. पण लिहितात, एवढंच. त्याच्यावर गोळी नाही. चरबीवर तरी कॅप्सूल आहे."

"म्हणजे फरक पडला नसता?"

"ते मला माहीत नाही. पडला असता असं म्हणत नाही. नसता असंही म्हणू शकत नाही."

"पुन्हा टोचायला पाहिजे होतं."

"हो," हरकरे म्हणाले. "टोचायला पाहिजे होतं."

अकरा महिन्यांत सगळ्यांनी रुपरावांना सांगितलं होतं की कोणाच्या हातात काही नव्हतं. मुलीनं, जावयानं, शेजारच्या नत्थूजींनी. डॉक्टरांचं हे बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांना त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नव्हतं.

हरकऱ्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मागच्या गल्लीत हृदयाचे एक डॉक्टर होते, त्यांच्या नावे. "सूज वगैरे त्यांना सांगत बसू नका, हसतील. जबड्याचं सांगा. चढलं की दुखतं, बसलं की थांबतं, एवढं पुरे आहे. आणि रुपराव, तुम्ही सोबत जा."

तीन वाजता दोघं आले. महादेवरावांच्या पिशवीत नवं पातेलं होतं. त्यांनी आपला आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"दोनशे चौऱ्याहत्तर. उतरलं का नाई?"

"उतरलं न?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी म्हटलंच होतं. तेल बदललं तवाच म्हटलं होतं."

"बाई, तुमचा कार्डिओग्राम काढायचा आहे," रुपराव म्हणाले. "मागच्या गल्लीत. आजच."

"कोणाचा?" महादेवरावांनी विचारलं.

"यांचा."

"काहून? दिलाचा बिमार तर मी आहो."

"पहा ना जी," बाई म्हणाल्या, "पाचची बस आहे. ते चुकली तर मंग सात. यायची भाजी कवा शिजल?"

"दाढेसाठी कार्डिओग्राम," महादेवराव हसले. "उद्या माह्या गुडघ्यासाठी चष्मा देसान."

रुपरावांना पटवून सांगण्याची सवय नव्हती. त्यांनी चिठ्ठीची घडी केली, पुन्हा उघडली.

"महादेवराव, माझंही तीनशेच्या वर होतं," ते म्हणाले. "आमच्या घरचा बिमार मीच. माझी भाजी अलग, माझं तेल अलग. सारे माझ्या ताटाकडे पाहत होते. बायकोचं कोलेस्टेरॉल चांगलं होतं. बोटं अशीच सुजत होती. चढताना, काम करताना पाठीत कळ यायची. आम्ही वात म्हणत होतो."

"मंग?"

"मंग काय. मी आहो."

महादेवरावांचं हसू तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं. त्यांनी पिशवी उचलली. बायकोच्या हातातली दुसरी पिशवीही घेतली.

"चाल वं," ते म्हणाले. या वेळी ते जिन्यात बायकोच्या एक पायरी मागे राहिले आणि ती जितकी हळू उतरली तितकेच हळू उतरले.

मागच्या गल्लीत गर्दी होती, पण चिठ्ठी आणि रुपरावांची ओळख यामुळे लवकर नंबर लागला. बाईंना आत पडद्यामागे घेतलं. मनगटाला धातूच्या पट्ट्या लावायच्या तर बांगड्या आड येत होत्या. त्या वरही सरकेनात आणि खालीही उतरेनात. नर्सनं ओढून पाहिलं तेव्हा आतून बाईंचा आवाज आला, मग नर्सचा.

"कापाव्या लागतील."

"नको वं माय. कापू नको. मी तशीच राहतो, तुह्या पट्ट्या पायाले लाव."

महादेवराव पडद्याजवळ घोटाळले. पाच टनांचा पंप ते एकट्यानं खोलत असतील, पण इथे हात कुठे ठेवावे ते त्यांना समजत नव्हतं. रुपरावांनी त्यांना बाजूला घेतलं.

"तुम्ही आत जा. साबण अन कोमट पाणी मागा. आधी त्यांचा हात वर धरा, उंच, दोन-चार मिनिटं. सूज उतरते थोडी. मग साबण. अंगठा आत तळहाताकडे दाबायचा. बांगडी ओढायची नाही, फिरवायची. एक हाड पार झालं की थांबायचं, मग दुसरं. त्या म्हणतील ओढा, तरी ओढायचं नाही."

महादेवरावांनी नवा नट-बोल्ट समजून घ्यावा तसं मन लावून ऐकलं आणि ते आत गेले.

रुपराव बाकावर बसले. कौसल्येच्या हातात सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. दर उन्हाळ्यात तिची बोटं जास्त सुजण्याच्या आधी ते त्या अशाच उतरवून देत आणि थंडीत घालून देत. ती गेली त्या दिवशी पाटल्या हातातच होत्या. सोनं उतरवल्याशिवाय नेता येत नव्हतं. बायका ओढून पाहत होत्या, कोणीतरी पक्कड आणायला निघालं होतं. रुपरावांनी सगळ्यांना बाजूला सारलं, साबण-पाणी मागवलं आणि तिच्याजवळ बसून एकेक हाड पार करत दोन्ही पाटल्या उतरवल्या. बराच वेळ लागला. मागे उभा असलेला चुलत साळा हळू आवाजात म्हणाला, "सोन्यापायी तिरडी थांबवली गा यानं." रुपरावांना ते ऐकू आलं होतं. त्यांनी घाई केली नव्हती.

पडद्यामागे आता बोलणं थांबलं होतं. मग यंत्राची घरघर सुरू झाली. बऱ्याच वेळानं डॉक्टर कागदाची लांब पट्टी हातात घेऊन बाहेर आले आणि महादेवरावांना म्हणाले, "आज यांना घरी न्यायचं नाही. आत्ता दवाखान्यात भरती करायचं. वेळेवर आणलंत. पुढचं मी काही कबूल करत नाही, पण वेळेवर आणलंत."

"पण आकडा तर इचा नाई, माहा वाढला होता," महादेवराव म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्याला हात लावला आणि ते फोन करायला आत गेले.

महादेवराव येऊन बाकावर बसले. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. त्यांनी मूठ उघडली. चार पितळी बांगड्या होत्या, साबण तसाच लागलेला.

"दुखलं नाई म्हणते," ते म्हणाले.

"हं."

"तुमाले हे कोणं शिकवलं जी?"

"घरी करत होतो," रुपराव म्हणाले.

महादेवराव बांगड्या ठेवायला जागा शोधत होते. पिशवीत पातेलं होतं, सदऱ्याचा खिसा ओला झाला होता. रुपरावांनी आपला रुमाल काढला, त्यांच्या तळहातावरून एकेक बांगडी उचलली, आतून बाहेरून पुसून कोरडी केली आणि परत त्यांच्या हातात दिली.